चिचुंद्रीनं घेतलं कोल्होबांचं नाव

डोंगराच्या पायथ्याला करंजाचं एक दाट रान होतं. त्या रानात एक चिचुंद्री राहत असे, आणि तिच्याविषयी चांगलं बोलणारं तिथं कुणी म्हणजे कुणी नव्हतं. ती जवळून गेली की भेकरं नाक मुरडत, ससे तोंड फिरवत, आणि माकड तर उंच फांदीवर बसूनही नाक दाबून धरत असे. आता अंगाला वास येतो यात तिचा काय दोष, सांगा बरं! देवानं दिलेला वास तो, तिनं काही बाजारातून आणला नव्हता. पण बोलणाऱ्यांना निमित्तच हवं असतं. मी मात्र तुम्हाला आधीच सांगून ठेवतो बाळांनो, मला ही बाई फार आवडते. गोष्ट संपेपर्यंत तुम्हालाही ती आवडली नाही, तर नाव बदलीन.

तिला पाच पिलं होती. चिचुंद्रीची पिलं चालतात कशी, पाहिलंय कधी? पहिलं पिलू आईची शेपटी दातात धरतं, दुसरं पहिल्याची, तिसरं दुसऱ्याची, आणि अशी ती रांग तुरुतुरु निघते. या पाचांचा बाप घारीनं नेला होता. त्यातून त्या वर्षी फाल्गुनात चिचुंद्रीच्या पुढच्या पायात बाभळीचा काटा रुतला आणि पाय असा सुजला की धड चालता येईना, मग दाणापाणी शोधत रानभर हिंडणं तर दूरच. उन्हाळा सगळा पुढं पडलेला. घरात खाणारी तोंडं सहा आणि कमावणारे पाय तीन.

तिच्यापाशी होतं ते एवढंच, की सुगीच्या दिवसांत तिनं कोठारात चार दाणे साठवून ठेवले होते. हे कोठार म्हणजे डोंगरातली एक गुहा. आत भिंतींना कोनाडे आणि प्रत्येक कोनाड्याला दगडाची झाकणी. रानातला जो तो आपापल्या कोनाड्यात ज्वारीची कणसं, शेंगा, बोरं, मोह असं काय काय ठेवी. चिचुंद्रीच्या कोनाड्यात ओंजळ दोन ओंजळी शेंगदाणे आणि थोडे वाळवलेले नाकतोडे होते. पाऊस पडेपर्यंत पाच पिलांना त्यावर जगवायचं होतं. तो कोनाडा रिकामा झाला असता तर पिलं भुकेनं मेली असती, यात लपवण्यासारखं काही नाही.

कोठाराची राखण एक म्हातारं कासव करी. सगळे त्याला कासवकाका म्हणत. काकांचे डोळे गेलेले होते, पण कान शाबूत होते. त्यांनी प्रत्येकाला सांगून ठेवलं होतं, "बाबांनो, मला तोंड दिसत नाही. तुम्ही मला एकेक परवलीचा शब्द सांगून ठेवा. तो शब्द जो उच्चारील, त्याला मी कोनाडा उघडून देईन. मग तो कुणी का असेना."

"मग तो कुणी का असेना" हे शब्द काका मुद्दाम दोनदा म्हणत. पण ऐकतो कोण? सशानं शब्द ठेवला, "ससा." मोरानं ठेवला, "मोर." माकडानं पुष्कळ डोकं खाजवून ठेवला, "हूप." भेकरीनं आपल्या पाडसाचं नाव ठेवलं, आणि त्या पाडसाला ती दिवसभर रानभर त्याच नावानं हाका मारत फिरे. कावळ्याची तर कमालच! आपल्याला शब्द आठवायचा नाही म्हणून त्यानं तो कोळशानं लिहून ठेवला, आणि लिहिला कुठं? कोठाराच्या दाराशेजारच्या खडकावर!

हसू नका. तुमच्यापैकी कितीजणांचा पासवर्ड 'एक दोन तीन चार' आहे? हात वर करा पाहू. नको, राहू द्या, करू नका, कुणीतरी बघायचं.

चिचुंद्रीची तऱ्हा वेगळी होती. चिचुंद्र्यांमध्ये उखाण्याची रीत फार. नवी सून दारात आली की नणंद उंबऱ्यावर आडवी उभी राहते आणि म्हणते, "नाव घे, मगच आत ये!" आमची चिचुंद्री लग्न होऊन आली तेव्हा तिची नणंदही अशीच दार अडवून उभी होती, आणि तिनं वहिनीला बजावलं होतं, "हे बघ, उसना उखाणा चालायचा नाही. उसना उखाणा म्हणजे उसनं लुगडं, चारचौघींत लगेच ओळखू येतं. स्वतःचा कर. आणि ज्याच्या दारात उभी असशील, त्याचं नाव घे." ही शिकवण चिचुंद्रीनं पदरात बांधून ठेवली. तेव्हापासून रानातल्या प्रत्येक दाराला तिचा वेगळा उखाणा असे, स्वतः जुळवलेला, आणि ज्याचं दार त्याचं नाव त्यात घेतलेलं.

रानाची औषधं एका ढोलीत असत, तिच्या राखणीला सुतारपक्षी बसे. तिथं ती म्हणे, "सात शिंका, एक ढोली, कडुलिंबाचा पाला, सुतारांचं नाव घेते, ताप पळून गेला." हा तिनं पुढं बदलला, म्हणून तुम्हाला सांगायला हरकत नाही.

कोठारात मात्र ती आत जाई, आजूबाजूला कुणी नाही ना ते पाही आणि कासवकाकांच्या कानाशी तोंड नेऊन आपला उखाणा इतका हळू पुटपुटे की शेपटीला धरलेल्या पिलांनाही तो ऐकू जात नसे. माकड बाहेरून ओरडे, "काय गं चिचुंद्रे, एवढं काय ठेवलंयस आत? सोन्याची नथ?"

"नाही हो भाऊजी, नाकतोडे."

"नाकतोड्यांना एवढा बंदोबस्त! आमचं बघ कसं सुटसुटीत, हूप म्हटलं की काम झालं."

सगळे खो खो हसत. चिचुंद्रीला वाईट वाटत नसे असं नाही, फार वाईट वाटे. पण ती पिलांची रांग घेऊन लंगडत घरी जाई.

चैत्र लागला आणि डोह आटला. पाण्यासाठी दोन टेकड्या ओलांडून जावं लागे. अशात एके सकाळी रानात बातमी पसरली, की वाटेवरच्या मोठ्या करंजाखाली कोल्होबांनी पाणपोई घातली आहे! थंडगार पाण्याचे माठ, झाकायला पानं, प्यायला करवंट्या, आणि सगळं फुकट. कोल्होबा स्वतः गळ्यात फुलांची माळ घालून उभे. कोल्ह्याला पुण्याची हौस कधीपासून लागली, असं कुणाच्याही मनात आलं नाही. तहान लागली की शंका सुचत नाहीत.

"या, या! पाणी पोटभर प्या," कोल्होबा म्हणत. "फक्त एक करा. आपलं नाव सांगा आणि खुणेचा एक शब्द सांगून ठेवा. म्हणजे उद्या तुमच्या वाटणीची करवंटी दुसरा कुणी पिऊन जायला नको. तुमच्याच सोयीसाठी हो!"

"शब्द?" माकड म्हणालं. "एक लक्षात ठेवताना जीव जातो, आता दुसरा कुठून आणू? घ्या तोच. हूप!"

"ससा," ससा म्हणाला. "मोर," मोर म्हणाला. भेकरीनं पाडसाचं नाव सांगितलं. कोल्होबा मान डोलवत एकेक शब्द मनात साठवत होते. बघा, गुहेचं दार फोडावं लागलं नाही, कासवकाकांशी दोन हात करावे लागले नाहीत. रानानं आपल्या हातानं किल्ल्या आणून दिल्या, वर "फार उपकार झाले" असंही म्हटलं. तुम्हीही हेच करता. मोबाईलवर नवा खेळ उतरवला, कुठल्याशा वेबसाइटवर बक्षीस मिळणार म्हणून नाव घातलं, की पासवर्ड ठोकता तोच, जो शाळेच्या वेबसाइटला आहे आणि आईच्या मेललाही आहे. पाणपोई कुणाची आहे, ते कुठं विचारता?

दुपारी चिचुंद्री आली. पिलांचे घसे कोरडे पडले होते, म्हणून तिला येणं भागच होतं. कोल्होबांनी नाकाला फुलांची माळ लावत विचारलं, "तुमचा शब्द, बाई?"

चिचुंद्री क्षणभर थांबली. तिनं करंजाकडे पाहिलं, माठांकडे पाहिलं, मागं वळून पिलं मोजली आणि तिथल्या तिथं जुळवून म्हणाली, "पाच पिलं, वीस पाय, करंजाची साउली, कोल्होबांचं नाव घेते, पाणपोई पावली!"

कोल्होबांचा चेहरा फुलला. "अहाहा! माझं नाव? उखाण्यात?"

"ज्याच्या दारात उभं राहायचं त्याचं नाव घ्यायचं, अशी आमची रीत आहे."

हे वाक्य कोल्होबांनी नीट ऐकलं असतं तर ही गोष्ट इथंच संपली असती. पण 'माझं नाव' एवढंच त्यांच्या कानात राहिलं आणि स्वारी हरभऱ्याच्या झाडावर चढली. त्यांना वाटलं, एवढं लांबलचक गाणं ही बया दर दाराला थोडंच नवं करणार? आपलं नाव रानात इतकं गाजलंय, की बायाबापड्या ते जिथंतिथं घेतात.

तीन दिवस गेले. चौथ्या दिवशी भर दुपारी, रान सगळं सावलीला पेंगत असताना, चिचुंद्री पिलांना घेऊन कोठाराकडे निघाली. घरातले दाणे संपले होते. सुजलेला पाय टेकवत, दर दहा पावलांवर थांबत ती गुहेच्या तोंडाशी आली, आणि आतून आलेला आवाज ऐकून जागच्या जागी थिजली.

"पाच पिलं, वीस पाय, करंजाची साउली..."

आवाज बारीक काढलेला होता, अगदी तिच्यासारखा. पण ती तर दारात उभी होती! तिनं दारातून डोकावून पाहिलं. कोल्होबा तिच्या कोनाड्यापुढं उभे होते. सशाचा, मोराचा, भेकरीचा, कावळ्याचा, माकडाचा, सगळ्यांचे कोनाडे उघडे होते आणि त्यातलं सगळं धान्य पळसाच्या पानांच्या मोठ्या बोचक्यात बांधून ठेवलेलं होतं. राहिला होता एकच कोनाडा, तिचा. 'मी चुकून कोठाराचा उखाणा तर पाणपोईवर बोलून बसले नाही ना?' असं क्षणभर तिच्या मनात आलं. पिलांपैकी सर्वांत धाकट्यानं हळूच विचारलं, "आई, आपला खाऊ तो नेतोय?"

"...कोल्होबांचं नाव घेते, पाणपोई पावली!" आतला आवाज म्हणाला.

कासवकाका सावकाश म्हणाले, "पुन्हा म्हण बरं, पोरी. म्हाताऱ्याला नीट ऐकू आलं नाही. तोवर मी जरा दारात जाऊन घसा मोकळा करून येतो."

आणि काका दाराकडे निघाले. आता कासव कितीही घाईत असलं तरी कासवच! एक पाऊल, दुसरं पाऊल. गुहेच्या तोंडावर मोठी शिळा तिरपी उभी होती आणि तिला खालून एका दगडाची टेकण होती. ती टेकण काढली की शिळा खाली आलीच. चिचुंद्रीला काकांचा बेत कळला. पण तिला हेही दिसलं, की काका दारापर्यंत पोचायच्या आत कोल्होबांना शंका येणार आणि ते बोचकं उचलून पळणार. कोल्होबांनी कान टवकारलेही होते.

पळून जावं, असं तिला वाटलं. का वाटू नये? पाय असा लंगडा, मागं पाच कोवळे जीव, आणि पुढं कोल्हा. त्यानं एक उडी मारली असती तर सहाही जणं त्याच्या पोटात गेली असती. चिचुंद्रीनं पिलांना बाहेरच्या कपारीत ढकललं, आणि स्वतः दारात उभी राहून अगदी साळसूद आवाजात म्हणाली, "अगं बाई, आत कोण गं तू? आमच्याच जातीची दिसतेस. पण उखाणा चुकला की तुझा!"

कोल्होबा दचकले. दारात उन्हाची तिरीप होती, त्यात ती इवलीशी आकृती त्यांना नीट दिसेना. पण कोनाडा एकच राहिलेला, आणि हाव फार वाईट. त्यांनी आवाज पुन्हा बारीक केला. "चुकला? मग बरोबर कसा गं आहे, ताई? माझ्या मेलीच्या लक्षात राहत नाही."

"सांगते ना. पहिली ओळच वेगळी. म्हण माझ्यामागून. लांब शेपूट..."

"लांब शेपूट," कोल्होबा म्हणाले.

काकांनी एक पाऊल टाकलं.

"गोड बोली..."

"गोड बोली. पुढं?"

"थांब हं, शिंक आली." आणि चिचुंद्रीनं खरोखरच दोन शिंका काढल्या. काका शिळेपाशी पोचले.

"लवकर सांग ना गं!"

"पांढरे पांढरे दात."

"पांढरे पांढरे दात. आणि शेवटची ओळ?"

काका दाराबाहेर आले आणि टेकणीला पाठ लावून उभे राहिले. चिचुंद्री एक उडी मागं सरली आणि मोकळ्या गळ्यानं म्हणाली, "कोल्होबांचं नाव घेते, बसा आता आत!"

धाडकन शिळा खाली आली.

त्या आवाजानं सगळं रान जागं झालं. माकड आलं, मोर आला, ससे आले, भेकरी पाडसाला घेऊन धावत आली. आतून कोल्होबा आपल्या खऱ्या, जाड्याभरड्या आवाजात कोकलत होते. फटीतून पाहिलं तेव्हा साऱ्यांना आपापलं धान्य बोचक्यात दिसलं आणि त्यांची तोंडं पांढरीफटक पडली. कुणाला काही सांगावं लागलं नाही. रानडुकरांनी शिळा उचलली, कोल्होबांना मधे घेतलं आणि थेट दोन टेकड्यांपलीकडे पोचवून आले. पाणपोई मात्र रानानं चालू ठेवली. माठांचा काय दोष!

"काका, पण तुम्हाला कळलं कसं?" मोरानं विचारलं.

"तुमच्या कुणाच्या शब्दावरून कळलं नाही," काका म्हणाले. "तुमचे सगळे शब्द त्यानं बिनचूक सांगितले, आणि मी दार उघडत गेलो. मग या पोरीचा उखाणा म्हणाला, तर त्यात नाव कोल्होबांचं! अरे, दार माझं आणि नाव त्याचं? शब्द चोरीचा आहे हे तर कळलंच, पण चोरीला गेला तो पाणपोईवरून, हेही त्यानं आपल्याच तोंडानं सांगून टाकलं."

चिचुंद्री पुढं झाली. "काका, मी खरी की खोटी, ते तुम्हाला पारखायचं असेल ना? पण माझा उखाणा मी आता म्हणायची नाही. इतके कान आहेत इथं."

"नको म्हणूस," काका हसले. "आतून तुझा आवाज येत होता आणि वास दाराकडून. तेव्हाच समजलो की खरी चिचुंद्री बाहेर उभी आहे. बयो, तो वास काही कोल्ह्याला चोरता आला नाही हो!"

रान हसलं. पण या वेळी कुणी नाक मुरडलं नाही, आणि चिचुंद्रीही पोटभर हसली. भेकरीनं तिचा सुजलेला पाय हळूच चाटला आणि म्हणाली, "बाई, पावसापर्यंत तू हिंडायचं नाहीस. तुझ्या पिलांचं मी बघीन. तुझ्यामुळं माझ्या पाडसाच्या तोंडचा घास राहिला."

माकड खाली मान घालून पुढं आलं आणि खाकरून म्हणालं, "वहिनी, चुकलो. उद्यापासून मीही उखाणा ठेवणार. तुमचा तो कोठारातला सांगा ना, छानच असणार. मीही तोच ठेवतो."

बघा, सुधारायला निघाला तोही असा! चिचुंद्रीनं कपाळावर हात मारला. "भाऊजी, उसना उखाणा म्हणजे उसनं लुगडं! स्वतःचा करा. वेडावाकडा असला तरी चालेल, पण स्वतःचा करा, आणि दर दाराला वेगळा."

त्या दिवसापासून रानात मोठी मौज सुरू झाली. जो तो आपापल्या झाडाखाली पाठ फिरवून बसे आणि पुटपुटत यमकं जुळवी. कुणी जवळ आलं की गप्प. कावळ्यानं खडकावरचा शब्द चोचीनं खरवडून काढला. चिचुंद्रीनं स्वतः पाणपोईचा उखाणा त्याच दिवशी टाकून दिला, आणि हातासरशी सुतारपक्ष्याच्या ढोलीचाही बदलून घेतला.

संध्याकाळी घरी जाताना सर्वांत धाकट्यानं पुढच्याची शेपटी सोडून विचारलं, "आई, मला तरी सांग ना, कासवकाकांच्या दाराचा आपला उखाणा कोणता?"

"तू मोठा झालास आणि तुझा स्वतःचा कोनाडा झाला, की तुझा तू करशील," आई म्हणाली. "शेपटी धर आधी."

आता तुम्ही मला विचाराल, की आजोबा, तो उखाणा होता तरी कोणता? खरं सांगू? मलाही ठाऊक नाही. मी पुष्कळदा विचारून पाहिलं, गोड बोलून पाहिलं, चांगली गोष्ट लिहीन म्हणून लालूच दाखवली. पण सांगितला असता, तर ती चिचुंद्री कसली!

तात्पर्य : जितकी दारं, तितके उखाणे, आणि घरचा उखाणा परक्या माठापाशी बोलू नये.